आधी पाणी, मग मासे

मांजरसुंब्याजवळ कपिलधारचा धबधबा बालाघाटाच्या बेसॉल्ट खडकावरून कोसळतो. याच खडकातून झिरपून बोअरला येणारं पाणी बहुतेक ठिकाणी जड असतं. बादलीला धरणारा पांढरा थर त्यातल्या क्षारांचाच. या भागात पहिल्यांदा मत्स्यटाकी ठेवणाऱ्याने विचार इथूनच सुरू करावा.

गप्पी, मॉली आणि प्लॅटी यांना असं पाणी मानवतं. तिघेही शांत स्वभावाचे, एका टाकीत सुखाने राहतात. फक्त पिलं भराभर होतात. निऑन टेट्रा मोहक खरा, पण तो ॲमेझॉन खोऱ्यातल्या मऊ, आम्लधर्मी पाण्याचा. नवख्याने तो घेऊ नये. झेब्रा डॅनियो मात्र आपल्या देशातलाच काटक मासा. त्याला सहा-सातांचा थवा हवा.

टायगर बार्ब इतरांचे लांब पर कुरतडतो. एंजल वाढला की छोटे मासे गिळतो. दोन फायटर नर एकत्र आले की झुंज ठरलेलीच. गोल्डफिशला गार पाणी लागतं आणि तो घाणही फार करतो, त्याची टाकी वेगळी ठेवा.

माशांच्या उत्सर्गातला अमोनिया पचवणारे जिवाणू नव्या टाकीत रुजायला साधारण ४ ते ६ आठवडे लागतात. तोवर थोडेच मासे सोडा. नळाच्या पाण्यातलं क्लोरीन आधी काढा.

आणि नकोसे झालेले मासे कपिलधारच्या पाण्यात सोडू नका, ही कळकळीची विनंती. हौसेच्या टाक्यांतला परदेशी सकर मासा आज उजनी जलाशयात मच्छीमारांच्या जाळ्यात येतो आणि आपल्या काटेरी परांनी ती जाळी फाडतो.