डाळीतला भुंगेरा : नाव, नमुना, कुल

• प्ररूप नमुना : प्रजातीचे शास्त्रीय नाव कायमचे ज्याच्याशी जोडलेले असते तो नमुना.

• होलोटाइप : मूळ वर्णनात नेमलेला एकमेव नमुना. संग्रहालयात त्याला बहुधा लाल चिठ्ठी.

• सिनटाइप : होलोटाइप न नेमता वर्णनासाठी वापरलेले अनेक नमुने.

• लेक्टोटाइप : सिनटाइपमधून नंतर निवडलेला एक.

• निओटाइप : मूळ नमुने नष्ट झाल्यास गरजेपुरता नेमलेला पर्यायी नमुना.

• वर्गीकरण : पूर्वी ‘ब्रुकिडी’ हे स्वतंत्र कुल, आता ‘क्रायसोमेलिडी’ कुलातले ‘ब्रुकिनी’ उपकुल. प्रजाती सुमारे १,७००.

• मूग-चवळीतले : कॅलोसोब्रुकस चायनेन्सिस (लिनियस, १७५८), कॅलोसोब्रुकस मॅक्युलेटस (फॅब्रिसियस, १७७५).

• ओळख : बाह्यरूप सारखे असल्यास नराच्या जननांगांची सूक्ष्मदर्शकाखाली तपासणी.

• फरक : तांदळातला सोंडकिडा वेगळ्या कुलातला. भुंगेऱ्याला तशी लांब सोंड नसते.