मुलाच्या पुढाकाराची वाट पाहताना

मूल हाक मारली तरी वळत नाही, वय वाढले तरी बोलत नाही, हे ध्यानात आले की घरात दोन प्रश्न उभे राहतात. हे कुणामुळे झाले, आणि आता काय करायचे? पहिल्या प्रश्नात गुंतलेल्या घराला दुसऱ्यापर्यंत पोहोचायला उशीर होतो. शिवाय पहिल्या प्रश्नाचे बोट बहुधा आईकडेच वळते.

स्वमग्नतेच्या बाबतीत या दोषारोपाला एकेकाळी तज्ज्ञांचाही पाठिंबा होता. १९४३ साली लिओ कॅनर यांनी अमेरिकेत अकरा मुलांच्या निरीक्षणावरून या अवस्थेचे वर्णन केले. पुढे, आईच्या कोरड्या, अलिप्त वागण्यामुळे मूल स्वमग्न होते, असा समज पसरला. ब्रूनो बेटलहाइम यांच्या १९६७ सालच्या पुस्तकाने तो अधिकच दृढ केला. स्वमग्न मुलाचे वडील असलेले मानसशास्त्रज्ञ बर्नार्ड रिमलँड यांनी १९६४ मध्येच त्या समजाला आव्हान दिले होते. आज तो पूर्णपणे त्याज्य ठरला आहे. स्वमग्नता ही मेंदूच्या जडणघडणीशी निगडित अवस्था आहे. आईबापांच्या मायेत काही उणे पडल्यामुळे ती येत नाही.

मात्र पालक कारण नाहीत, म्हणून त्यांच्या वागण्याचा परिणामही होत नाही, असे समजणे चुकीचे ठरेल. बाळ बोट दाखवते, आई तिकडे पाहून ‘चिऊ!’ म्हणते, बाळ हसते. अशा असंख्य देवाणघेवाणींतून भाषा उमलते. स्वमग्न मुलाच्या खुणा फार क्षीण असतात. क्षणभर वळलेली नजर, हात धरून ओढणे, एखादा अस्फुट आवाज. त्या सहज निसटतात. उत्तर मिळत नाही म्हणून धास्तावलेले पालक अधिकच बोलू लागतात, प्रश्न आणि आज्ञांचा भडिमार करतात. मूल त्यामुळे आणखी मिटते.

हा क्रम उलटवता येईल का, हे इंग्लंडमध्ये जोनाथन ग्रीन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी पडताळून पाहिले. २०१० साली प्रसिद्ध झालेल्या त्यांच्या अभ्यासात पाच वर्षांखालील १५२ मुले होती. त्यांपैकी निम्म्या कुटुंबांसाठी नेहमीच्या सेवांना एका उपक्रमाची जोड दिली गेली. पालक व मूल खेळत असताना चित्रीकरण व्हायचे. मग चिकित्सक आणि पालक ते एकत्र पाहायचे. मुलाने कुठे खूण केली, कुठे ती निसटली, कोणत्या क्षणी प्रतिसाद जुळला, हे पालक स्वतःच ओळखू लागत. घरी रोज अर्धा तास सराव असे. या पालकांचा प्रतिसाद अधिक सुसंगत झाला आणि मुले त्यांच्याशी संवादात अधिक पुढाकार घेऊ लागली. लक्षणांच्या तीव्रतेत त्या वेळी ठळक फरक दिसला नाही. सुमारे सहा वर्षांनंतरच्या तपासणीत मात्र या गटातील मुलांची लक्षणे तुलनेने सौम्य आढळली.

हीच पद्धत पुढे भारत आणि पाकिस्तानात आली. गोव्यात ‘संगाथ’ संस्थेने आणि रावळपिंडीत तेथील सहकाऱ्यांनी ६५ मुलांच्या कुटुंबांसह तिची चाचणी घेतली. सत्रे घेणारे कार्यकर्ते तज्ज्ञ नव्हते. त्यांना त्यासाठी खास प्रशिक्षण दिले होते. २०१६ साली आलेल्या निष्कर्षांत पालकांचा प्रतिसाद आणि मुलांचा पुढाकार, दोन्ही वाढलेले दिसले. तज्ज्ञ मोजकेच असलेल्या आपल्या देशात याचे मोल मोठे आहे.

घरात याचे रूप अगदी साधे असते. मूल खेळण्यातल्या मोटारीचे चाक फिरवत बसले, तर ‘रंग कोणता? चाके किती?’ असे विचारू नये. शेजारी बसावे, ‘फिरलं! गरगर फिरलं!’ एवढेच म्हणावे आणि थांबावे. हे थांबणेच सर्वांत कठीण. त्या शांततेत मुलाने नजर वर केली, तर ते त्याचे बोलणेच होय; त्याला लगेच उत्तर मिळावे. वडिलांनी, आजी-आजोबांनीही हे शिकून घेतले, तर सारा भार एकट्या आईवर पडत नाही.

या सरावाने स्वमग्नता नाहीशी होत नाही. श्रवणतपासणी, वाचा-उपचार आणि बालविकासतज्ज्ञांचा सल्ला यांची गरजही उरतेच. एखाद्या दिवशी थकलेल्या आईला खेळायला जमले नाही, तर त्याचा नवा दोष तिच्या माथी मारू नये. त्या दिवशी घरातल्या दुसऱ्या कुणी तरी चटईवर मुलाशेजारी जाऊन बसावे.