हमीची मुदत संपल्यावर ग्राहकाचा हक्क

घरांत विजेचें नवें यंत्र येतें त्या दिवशीं त्याचें कौतुक सर्वांसच असतें; त्याच्यासोबत आलेलें हमीपत्र मात्र बहुधा न वाचतांच बाजूस पडतें. पुढें वर्ष लोटतें, आणि दुसऱ्या वर्षाच्या आरंभींच टेलिव्हिजनचा पडदा काळा पडतो, किंवा फ्रिज थंड होईनासा होतो. दुकानदार तारीख दाखवून म्हणतो, "वॉरंटी संपली, आतां आमचा कांहीं संबंध नाहीं." हें ऐकून पुष्कळ लोक मुकाट्यानें परत फिरतात. कित्येक कुटुंबांचे तर त्या वस्तूचे हप्तेही अद्याप फिटलेले नसतात. दुकानदाराचें हें उत्तर कायद्याच्या दृष्टीनें कितपत खरें आहे, याचा येथें थोडक्यांत विचार करण्याचें आम्हीं योजिलें आहे.

हमी म्हणजे कंपनीनें आपण होऊन दिलेलें वचन. अमुक मुदतींत वस्तु बिघडल्यास ती विनामूल्य दुरुस्त करूं, असें ती लिहून देते. मुदत सरली कीं हें वचन सरतें, यांत वाद नाहीं. परंतु कायद्यानें विक्रेत्यावर घातलेली जबाबदारी या वचनाहून निराळी आहे. १९३० च्या मालविक्री कायद्याच्या १६ व्या कलमान्वयें, ज्या मालाचा जो व्यापार करतो त्याच्याकडून तो माल वर्णनावरून घेतल्यास, तो विक्रीयोग्य दर्जाचा असला पाहिजे, ही अट कोठें लिहिलेली नसली तरी गृहीत धरली जाते. ग्राहकानें माल तपासून घेतला असेल, तर त्या तपासणींत सहज दिसण्याजोग्या दोषाबद्दल मागाहून तक्रार चालत नाहीं; पण यंत्राच्या पोटांत दडलेला दोष त्यास कसा दिसावा?

हीच दृष्टि ग्राहक संरक्षण कायद्यांत आहे. आपल्या महाराष्ट्रांत बिंदुमाधव जोशी यांनीं १९७४ सालीं पुण्यांत ग्राहक पंचायतीची चळवळ आरंभिली; पुढें १९८६ सालीं देशांत ग्राहकांसाठीं स्वतंत्र कायदा झाला, आणि त्याची जागा २०१९ च्या नव्या कायद्यानें घेतली. कायद्यानें, स्पष्ट वा गर्भित करारानें, किंवा विक्रेत्याच्या दाव्याप्रमाणें जो दर्जा राखावयास हवा, त्यांत उणीव असणें म्हणजे 'दोष', अशी या कायद्याची व्याख्या आहे.

मात्र दोष आणि झीज यांतील भेद नीट ध्यानांत घेतला पाहिजे. मोबाइलची बॅटरी वारंवार चार्ज केल्यानें हळूहळू दुबळी होते. ही झीज होय. फोन पाण्यांत पडला, तर तो आपला निष्काळजीपणा. परंतु सर्किटांत हलक्या प्रतीचा कपॅसिटर बसविला असेल, तर उष्णतेनें त्यांतील द्रव लवकर सुकतो, आणि सुस्थितींत वापरलेलें यंत्रही चौदाव्या महिन्यांत बंद पडतें. येथें दोष पहिल्या दिवसापासूनच होता. तो उघडकीस मात्र उशिरा आला. अशा वेळीं ग्राहकाच्या तक्रारीस आधार असतो.

अडचण आहे ती पुराव्याची. दोष मूळचाच होता, हें दाखविण्याचा भार ग्राहकावर पडतो. म्हणून कांहीं गोष्टी कटाक्षानें पाळाव्या. पक्कें बिल घ्यावें व जपावें. हमीपत्र नीट वाचावें. कारण फ्रिजच्या कॉम्प्रेसरसारख्या भागास पुष्कळदां निराळी व दीर्घ मुदत असते. मुदतींत किरकोळ बिघाड झाला तरी लेखी तक्रार करावी आणि सर्व्हिस सेंटरची जॉबशीट ठेवावी. तोच बिघाड मुदतीनंतर पुन्हां उद्भवल्यास तो कागद मोठ्या कामास येतो. मुदत संपल्यावर यंत्र बंद पडल्यास जाणत्या मेकॅनिककडून कारण लिहून घ्यावें, आणि काढलेला भाग फेकूं नये.

इतकें झाल्यावर दुकानदारास व कंपनीस लेखी कळवावें. दाद न लागल्यास १९१५ या क्रमांकावर राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनकडे तक्रार नोंदवितां येते. त्यानेंही भागलें नाहीं, तर जिल्हा ग्राहक आयोग आहे. आपण राहतों किंवा काम करतों त्या जिल्ह्यांतच अर्ज करतां येतो. वकील दिलाच पाहिजे असें नाहीं. आणि वस्तूसाठीं दिलेली किंमत ५ लाख रुपयांपर्यंत असल्यास शुल्क पडत नाहीं. तक्रारीचें कारण घडल्यापासून २ वर्षांच्या आंत अर्ज व्हावा लागतो. तपासणीवांचून दोष ठरत नसेल, तर आयोग वस्तु प्रयोगशाळेकडे पाठवूं शकतो. तिचा खर्च मात्र तक्रारदारास आधीं भरावा लागूं शकतो. वस्तु स्वस्त असेल, तर खर्च आणि खटपट यांचा हिशेब आधींच करणें शहाणपणाचें.

हक्क मागणाऱ्यानें स्वतःही खरें बोलावें, हें सांगावयास नकोच. फोन पडला असतां तो पडला नाहीं असें सांगणाऱ्यामुळें दुसऱ्या प्रामाणिक ग्राहकाच्या बोलण्यावरचाही विश्वास उडतो.

विद्यार्थिमित्रहो, घरांतील वडील मंडळींपैकीं कित्येकांस अर्ज लिहिण्याचा सराव नसतो, आणि तेवढ्यासाठींच ते न्याय्य मागणी सोडून देतात. शाळेंत शिकलेलें पत्रलेखन अशा वेळीं त्यांच्या उपयोगीं आणा. खरेदीची तारीख, बिघाडाची तारीख, काय बिघडलें आणि आपली मागणी काय, एवढें स्वच्छ अक्षरांत लिहून द्या, आणि त्याची एक प्रत घरीं ठेवावयास विसरूं नका.