नाताळ ते संक्रांत : एकवीस दिवसांचा हिशेब

खंबाटकी घाटाकडून डिसेंबरचा बोचरा वारा वाहू लागला, की आमच्या खंडाळ्यात घरोघर तळणीचा वास दरवळू लागतो. नाताळच्या करंज्या, शंकरपाळ्या व केक संपतात न संपतात, तोच शिवारात हुरडा येतो. त्यामागून भोगीची तीळ लावलेली भाकरी व लोणी, आणि शेवटी संक्रांतीचा तिळगूळ. २५ डिसेंबरपासून १४ जानेवारीपर्यंत, दोन्ही दिवस धरून, बरोबर एकवीस दिवस होतात. या एकवीस दिवसांत आपल्या देहावर काय जमा होते, आणि पुढे ते सहजासहजी का जात नाही, याचा विचार आमच्या विद्यार्थ्यांपुढे व त्यांच्या पालकांपुढे मांडण्याचे योजिले आहे.

प्रथम आमचाच दोष सांगतो. गेल्या वर्षी सुटी लागण्यापूर्वी आम्ही बाजारातील एका काट्यावर उभे राहिलो होतो. संक्रांतीनंतर त्याच काट्यावर पुन्हा उभे राहिलो, तो दीड किलो अधिक भरलो. सुटीत आलेले वजन सुटीबरोबर जाईल, अशी आम्ही मनाची समजूत घातली. परंतु पावसाळा आला, तरी त्यातील किलोभर आमच्याच घरी मुक्कामास होते.

असा अनुभव आमचा एकट्याचा नव्हे. सन २००० मध्ये अमेरिकेतील संशोधकांनी १९५ प्रौढांच्या वजनांच्या नोंदी प्रसिद्ध केल्या. नोव्हेंबरच्या मध्यापासून जानेवारीच्या आरंभापर्यंत, म्हणजे तेथील सणांच्या दिवसांत, त्यांचे वजन सरासरीने सुमारे ३७० ग्रॅम वाढले होते. वाढ अल्प खरी; तथापि पुढील महिन्यांत ती उतरलेली आढळली नाही. थेंबे थेंबे तळे साचे, ही म्हण आपण पैशाच्या बचतीस लावतो. ती चरबीच्या बचतीसही तितकीच लागू पडते.

आता गणिताकडे वळू. एक ग्रॅम तूप किंवा तेल शरीरास ९ उष्मांक देते. एक ग्रॅम साखर अथवा पिष्ट ४ उष्मांक देते. समजा, एका करंजीत सर्व मिळून १० ग्रॅम स्निग्धांश आणि २५ ग्रॅम साखर व पिष्ट आहे. तिचे ९० व १०० मिळून १९० उष्मांक झाले. रोजच्या गरजेबाहेर अशी एकच करंजी एकवीस दिवस खाल्ली, तर ३,९९० उष्मांक शिल्लक पडतात. शरीरावरील एक किलो चरबी म्हणजे सुमारे ७,७०० उष्मांक. तेव्हा नुसत्या एका करंजीने अर्धा किलो चरबी साठली! आणि ती एक करंजी पचविण्यास मोठ्या माणसाने सुमारे पाऊण तास ते एक तास झपाट्याने चालावे लागते.

कोणी म्हणेल, “आमचे आजोबा याहून अधिक खात, ते कोठे लठ्ठ होते?” प्रश्न रास्त आहे. परंतु आजोबा थंडीत पहाटे मोटेवर उभे असत, दिवसभर रब्बीच्या पिकात राबत आणि वाईच्या बाजारास पायी जात. तीळ, गूळ व डिंक हे त्या श्रमाचे अन्न होते. आज श्रम गेले; अन्न मात्र तेच राहिले, किंबहुना वाढले.

आपल्या देहाची आणखी एक खोड आहे. पुण्याचे डॉ. चित्तरंजन याज्ञिक व लंडनचे डॉ. युडकिन यांनी सन २००४ मध्ये स्वतःचीच तुलना प्रसिद्ध केली. उंचीच्या मानाने वजन मोजणारा अंक दोघांचाही २२.३ होता, पण शरीरातील चरबी युडकिनांची ९.१ टक्के, तर याज्ञिकांची २१.२ टक्के निघाली. म्हणजे वरून सडपातळ दिसणाऱ्या भारतीय देहातही चरबी लपलेली असू शकते. मधुमेह आपल्याकडे कमी वजनातच गाठतो, त्याचे एक कारण हेच. म्हणून वजनापेक्षाही कमरेकडे लक्ष द्यावे. भारतीय पुरुषाची कंबर ९० सेंटिमीटरच्या व स्त्रीची ८० सेंटिमीटरच्या आत असावी, असे वैद्यक सांगते.

मग सण करूच नये काय? तसे आम्ही मुळीच म्हणत नाही. सण करावा, डबा मात्र दिवसभर उघडा ठेवू नये. फराळ ताटात वाढून घ्यावा आणि एका जागी बसून खावा. येता-जाता घातलेली मूठ कोणीच मोजत नाही. कोणाच्या घरी जाण्यापूर्वी भाकरी व पालेभाजी खाऊन निघावे, म्हणजे पहिल्याच घरी भुकेने हात सुटत नाही. ३ जानेवारीस आपल्याच तालुक्यातील नायगाव येथे सावित्रीबाई फुले यांची जयंती असते. तेथे जाताना वाटेचा काही भाग तरी पायी चालावा.

पालकांस एक विशेष विनंती आहे. पाहुणा “पुरे” म्हणाला, की त्यास पुरे झाले असे मानावे. “आमच्या हातचे गोड लागले नाही काय?” या एका प्रश्नाने शहाणा मनुष्यही दोन लाडू अधिक खातो. आग्रह ही प्रीतीची खूण खरी; पण ती ताटावरच दाखविली पाहिजे असे नाही. चार शब्द अधिक बोलावेत, पाहुण्यास वेशीपर्यंत पोहोचवावे.

मुलांच्या बाबतीत मात्र सावध असावे. वाढत्या वयात वजन वाढणे हे आरोग्याचेच लक्षण होय. त्यांस उपाशी ठेवू नये, किंवा जाड म्हणून चिडवू नये. आमच्या वर्गांत अद्याप अशीही मुले आहेत, की ज्यांस अधिक अन्नाचीच गरज आहे. आपल्या डब्यातील एक करंजी तशा सोबत्यास दिली, तर ती दोघांच्याही अंगी लागेल. एकाच्या देहास आणि दुसऱ्याच्या मनास.

यंदा नाताळच्या आदल्या दिवशी एक दोरी कमरेस लावून गाठ मारून ठेवावी, व संक्रांतीच्या दुसऱ्या दिवशी तीच पुन्हा लावून पाहावी. आम्हीही तसेच करणार आहो.