डोळा फाइंडरला, बोट कुठे?

ज्ञानेश्वर महाराजांची पालखी पुण्याचा मुक्काम आटोपून सासवडकडे निघते, त्या दिवशी दिवे घाटात वारकऱ्यांच्या जोडीने कॅमेरेही उदंड असतात. पाऊस आला की त्यांच्यावर प्लास्टिकच्या पिशव्या चढतात. अशा वेळी छायाचित्रकारांचे हात पाहावेत. एकाचा अंगठा पिशवीखालून चाकावर जातो, दोन खटके फिरतो आणि फोटो निघतो. शेजारचा पिशवी वर करून ओली स्क्रीन शर्टाला पुसत असतो, तिच्यावर पुन्हापुन्हा बोट आपटत असतो. तेवढ्यात दिंडी वळणापलीकडे जाते. दोघांचेही कॅमेरे नवे, महागडे, मिररलेस म्हणजे आत आरसा नसलेले. पहिल्याला हवी ती गोष्ट बोटाखाली होती, दुसऱ्याची मेन्यूत होती.

स्क्रीन ओली झाली की का बिघडते, याचं कारण साधं आहे. टचस्क्रीनच्या काचेखाली बारीक विद्युतक्षेत्र असतं. बोटातून वीज वाहू शकते, त्यामुळे बोट टेकलं की त्या जागची धारकता बदलते आणि स्क्रीनला स्पर्श कळतो. पावसाच्या थेंबातूनही वीज वाहते. थेंब आणि बोट यांतला फरक ओळखताना स्क्रीन गोंधळते. चाकाला असा काही गोंधळ होत नाही.

‘हा कॅमेरा नाही हो, कॉम्प्युटर आहे,’ ही तक्रार फिल्मवर वाढलेल्या मंडळींकडून नेहमी ऐकू येते. तक्रार अर्धी खरी आहे, आणि त्या अर्ध्या भागाचं कारण कॅमेऱ्याच्या पोटात आहे. आरशाच्या कॅमेऱ्यात प्रकाश मोजायला एक सेन्सर, फोकस धरायला दुसरा आणि चित्र टिपायला तिसरा, अशी कामाची वाटणी होती. २००८ मध्ये पॅनासॉनिकचा जी१ आला, आरसा गेला आणि तिन्ही कामं एकाच सेन्सरकडे आली. म्हणजे जवळजवळ सगळाच कारभार सॉफ्टवेअरच्या हाती गेला. सॉफ्टवेअरमध्ये नवी सोय घालायला बटण लागत नाही, मेन्यूत एक ओळ वाढवली की झालं. त्यात कॅमेऱ्याची अंगकाठीही बारीक झाली. निकॉनच्या जुन्या कॅमेऱ्यांत लेन्सच्या बैठकीपासून सेन्सरपर्यंतचं अंतर ४६.५ मिलिमीटर होतं, झेड मालिकेत ते १६ वर आलं. अंग आक्रसलं, मागची स्क्रीन मात्र मोठी झाली, आणि बटणांना जागा उरली नाही. वर व्हिडिओवाल्यांच्या मागण्या त्याच मेन्यूत कोंबल्या गेल्या.

बटणांचं शास्त्र कॅमेऱ्यांच्या आधी विमानांत घडलं. दुसऱ्या महायुद्धात अमेरिकेची बी-१७ बॉम्बफेकी विमानं सुखरूप उतरल्यानंतर धावपट्टीवर पोट टेकत होती. वैमानिक फ्लॅप मिटायला जात आणि चुकून चाकं मिटत. अल्फॉन्स चॅपॅनिस या मानसशास्त्रज्ञाने वैमानिकांना दोष देण्याऐवजी कॉकपिट पाहिलं. दोन्ही खटके शेजारी होते आणि हाताला सारखेच लागत होते. त्याने चाकांच्या खटक्याला चाकासारखी मूठ लावायला सांगितली आणि फ्लॅपच्या खटक्याला पाचरीसारखी. बोटांना फरक कळू लागला. प्रवासी विमानांत चाकांच्या खटक्याची मूठ आजही चाकासारखीच असते. या हिशेबाने आजचे कॅमेरे तपासले तर कित्येकांना नापास करावं लागेल. एकसारखी सपाट, गोल बटणं ओळीने बसवलेली असतात आणि त्यांची नावं पांढऱ्या बारीक अक्षरात शेजारी छापलेली असतात. डोळा फाइंडरला लावलेल्या माणसाला त्या अक्षरांचा उपयोग काय?

मेन्यूतल्या शोधाचंही गणित आहे. अनोळखी यादीत माणूस एकेक ओळ वाचत उतरतो, त्यामुळे ओळी दुप्पट झाल्या की वेळही साधारण दुप्पट लागतो. यादी पाठ झाली की वाचणं थांबतं आणि फक्त निवड उरते. ब्रिटिश मानसशास्त्रज्ञ विल्यम हिक याने १९५२ मध्ये दाखवलं की निवडीला लागणारा वेळ पर्यायांच्या लॉगॅरिदमच्या प्रमाणात, म्हणजे बराच सावकाश वाढतो. थोडक्यात, लांबलचक मेन्यूही सवयीने सुसह्य होतो. पण ज्या ओळीची गरज वर्षातून दोनदाच पडते, तिची सवय होणार कशी?

सवाई गंधर्व महोत्सवाचं उदाहरण घ्या. आरशाच्या कॅमेऱ्याचा खटका शांत आलापात पाच रांगा मागेपर्यंत ऐकू जायचा. सतीश पाकणीकरांसारख्या छायाचित्रकारांनी गायकांच्या भावमुद्रा फिल्मच्या काळात टिपल्या, त्या हा आवाज सांभाळूनच. मिररलेसचं इलेक्ट्रॉनिक शटर पूर्ण निःशब्द असतं. मैफलीसाठी याहून मोठं वरदान नाही. मात्र हे शटर सेन्सर एकदम वाचत नाही, एकेक ओळ करून वाचतं. समजा पूर्ण वाचनाला सेकंदाचा विसावा भाग लागला. आपल्या घरगुती विजेची वारंवारता ५० हर्ट्झ, म्हणून तिच्यावर चालणारे अनेक दिवे सेकंदाला १०० वेळा मंद-तेज होतात. एका फोटोच्या वाचनात पाच वेळा, म्हणून शटरचा वेग जास्त असेल तर गायकाच्या पांढऱ्या झब्ब्यावर पाच काळपट पट्टे येतात. गणेशोत्सवातल्या एलईडी भिंतींसमोर दुखणं आणखी वाढतं, कारण त्यांची लुकलुक याहून कितीतरी जलद असते. उपाय असतात: शटरचा वेग कमी करायचा, यांत्रिक शटरकडे वळायचं, नाहीतर लुकलुक टाळणारा पर्याय चालू करायचा. अनेक मॉडेल्समध्ये हा शेवटचा पर्याय फक्त यांत्रिक शटरबरोबरच चालतो. निःशब्द शटर चालू असताना ती ओळ राखाडी दिसते, दाबली जात नाही, आणि का ते कॅमेरा सांगत नाही.

माझ्या मते मेन्यूंचा खरा गुन्हा ही राखाडी ओळ आहे. पानं किती आहेत हा मुद्दा गौण. एका पर्यायाने दुसरा बंद पाडायचा आणि कोणामुळे ते सांगायचं नाही, हा निव्वळ आळस आहे. काही कंपन्या आता कारण दाखवू लागल्या आहेत, एवढं मान्य करायला हवं. स्टुडिओत पहिल्यांदा मिररलेस वापरणाऱ्याचीही अशीच फजिती होते. फ्लॅशसाठी अ‍ॅपर्चर एफ/८, शटर १/१६० ठेवलं की फाइंडरमध्ये अंधार होतो, कारण कॅमेरा फ्लॅशविना फोटो कसा येईल ते इमानदारीने दाखवत असतो. हे पूर्वदर्शन बंद करायचा पर्याय असतो. त्याचं नाव प्रत्येक कंपनीचं वेगळं.

यावर उतारा म्हणून जुन्या धाटणीच्या डायलकडे बोट दाखवलं जातं. निकॉनच्या एफएम२ वर शटरचे आकडे डायलवर कोरलेले आणि अ‍ॅपर्चरचे लेन्सच्या कड्यावर. कॅमेरा बंद असतानाही तो कुठे लावलाय ते दिसायचं. १९८६ मध्ये कॅननच्या टी९० ने वेगळी वाट धरली: आकडे नसलेलं एकच चाक, आणि जे बटण दाबाल त्याप्रमाणे चाकाचं काम बदलणार. आजचे बहुतेक कॅमेरे टी९० च्या वाटेने जातात. फुजीफिल्मची एक्स-टी मालिका आणि निकॉनचा २०२३ चा झेडएफ हे एफएम२ च्या कुळातले. दिसायला ते देखणे आहेत यात वाद नाही.

पण हिवाळ्यातल्या सकाळी सोलापूर रस्त्यावरच्या कवडीला मुळा-मुठेच्या काठी जा. फांदीवर बसलेल्या खंड्यासाठी १/५०० पुरतं. तेवढ्यात समोरून चक्रवाकांची जोडी उठते. आता १/३२०० हवं, फोकसचं क्षेत्र रुंद हवं, सेकंदाला जास्तीत जास्त फोटो हवेत. तिन्ही एकाच वेळी, अर्ध्या सेकंदात. आकडे नसलेल्या चाकाच्या कॅमेऱ्यात हे सगळं आधीच सी१, सी२ अशा नावांनी साठवता येतं आणि एका खटक्यात बोलावता येतं. कोरलेल्या डायलवर आकडा ५०० ला थांबलेला असताना साठवणीतला ३२०० लागू कसा करायचा? डायल खरा मानायचा की साठवण? हा पेच मुळातलाच आहे. खुद्द फुजीफिल्मनेही २०२२ च्या एक्स-एच२ वर साधा मोड डायल बसवला. निवांत रस्त्यावरच्या छायाचित्रणाला कोरलेले आकडे उत्तम. पक्ष्यांमागे धावणाऱ्याने त्यांच्या मोहात पडू नये.

मिररलेसची एक बाजू मात्र फारशी बोलली जात नाही, आणि चाळिशी लागलेल्यांनी ती आवर्जून ऐकावी. मागच्या स्क्रीनवरची अक्षरं वाचायला चष्मा शोधावा लागतो आणि भर दुपारी सिंहगडावर ती स्क्रीन नुसती चकाकते. मिररलेसच्या फाइंडरमध्ये मेन्यूही दिसतो आणि काढलेला फोटोही, तोही आपल्या डोळ्याच्या नंबरला जुळवून. आरशाच्या कॅमेऱ्याच्या फाइंडरमधून समोरचं दृश्य दिसायचं आणि थोडे आकडे. मेन्यूसाठी डोळा काढावाच लागे.

कंपन्याही चुकत-माकत शिकत आहेत. कॅननने २०१८ च्या ईओएस आर वर मागे स्पर्शाची पट्टी दिली होती. नुसतं बोट घासलं तरी काहीतरी बदलायचं. २०२० च्या आर५ आणि आर६ वर ती नाही. सोनीच्या मेन्यूंवर वर्षानुवर्षं टीका झाली, आणि २०२० च्या ए७एस ३ पासून त्यांनी तो नव्याने रचला. सिग्माने २०२५ च्या बीएफ मध्ये बटणंच मोजकी ठेवली. कल्पना धाडसी आहे, पण दिवे घाटातल्या पावसात तो कॅमेरा मी नेणार नाही.

मग मनापासून फोटो काढणाऱ्याला हे कॅमेरे सोयीचे आहेत का? माझं उत्तर होय, पण दुकानातून आणले तसे नाहीत. वारी टिपणारा, मैफल टिपणारा आणि पक्षी टिपणारा यांच्या गरजा इतक्या वेगळ्या आहेत की कारखान्यातली मांडणी कोणालाच नेमकी बसत नाही. स्वयंपाकघरात मिसळणाचा डबा हाताशी आणि सणावाराची भांडी माळ्यावर असतात, तशी वाटणी आपली आपणच करायची. जागेवर घ्यावा लागणारा प्रत्येक निर्णय बटणावर आला पाहिजे. उरलेल्यांना मेन्यूत खुशाल राहू द्यावं. ही वाटणी एकदा केली की शक्यतो बदलू नये. हातांची सवय लहान मेंदू आणि बेसल गँग्लियात मुरायला वेळ लागतो आणि मोडायला त्याहून जास्त. लग्नाच्या हंगामात गळ्यात दोन कॅमेरे अडकवणाऱ्यांनी दोन्हींची बटणं सारखीच लावावीत.

नवा कॅमेरा घ्यायला जाल तेव्हा मेगापिक्सेलची चौकशी मागाहून करा. आधी डोळा फाइंडरला लावा आणि तो न काढता आयएसओ बदला, फोकसचा चौकोन एका कोपऱ्यातून दुसऱ्या कोपऱ्यात न्या, निःशब्द शटर चालू करून बंद करा. विक्रेता मदतीला आला तर त्याला थांबवा. पहिल्या खेपेला जमणार नाही, ते साहजिक आहे. बटणांची नेमणूक तुमच्या सोयीने बदलून द्यायला सांगा आणि पुन्हा करून पाहा. तरीही डोळा काढावा लागला, तर तो कॅमेरा परत ठेवा आणि शेजारचा मागा.