अक्षरओळख : जाड फ्राक्टूर

गेल्या आठवड्यात गुटेनबर्गच्या बायबलचा टाइप पाहिला : उंच, अरुंद, एकमेकांना खेटून उभी अक्षरे. त्याच ‘ब्लॅकलेटर’ घराण्यात सोळाव्या शतकाच्या सुरुवातीला सम्राट पहिल्या मॅक्सिमिलियनच्या ग्रंथांसाठी अधिक वळणदार ‘फ्राक्टूर’ घडला. पुढची चार शतके जर्मन वाचक प्रामुख्याने त्यातच वाचत होते. आजचा विषय त्याचा धष्टपुष्ट वंशज, ‘फेट्टे फ्राक्टूर’. एकोणिसाव्या शतकाच्या मध्याचा हा टाइप फ्रँकफुर्टच्या योहान ख्रिस्टियान बाउअर यांच्या नावाने ओळखला जातो.

तो काळ जाहिरातींचा होता. लंडनच्या टाइप फाउंड्र्यांनी रोमन अक्षरे फुगवून भिंतीवर चढवली होती. जर्मनांनी आपल्या लिपीला तोच जाडपणा दिला. बोरूने कित्ता गिरवलेल्यांना तिची घडण लगेच उमजेल. चपट्या टोकाची लेखणी एका दिशेने ओढली की रेघ जाड येते, दुसरीकडे वळवली की बारीक. फ्राक्टूर याच हातवळणातून आला. जाड रूपात मात्र उभ्या रेघा इतक्या फुगतात की मधल्या पांढऱ्या जागेची नुसती फट उरते. मोठ्या आकारात त्या फटीच अक्षराला तेज देतात. लहान आकारात त्या शाईने बुजतात, म्हणून हा टाइप मजकुरासाठी नाहीच.

कॅपिटल अक्षरांची तर शानच वेगळी. त्यांच्या सुरुवातीच्या वेलांटीला जर्मन जाणकार ‘हत्तीची सोंड’ म्हणतात. पण अशा चार सोंडा शेजारी आल्या की शब्द वाचताच येत नाही. जुन्या जुळाऱ्यांना हे पक्के ठाऊक होते. शब्दावर जोर द्यायचा तर ते खिळ्यांमध्ये जागा सोडत, आणि तेव्हाही ‘सीएच’, ‘सीके’, ‘टीझेड’ या जोड्या फोडत नसत.

बिअरची लेबले, खाणावळींच्या पाट्या, हेवी मेटलच्या रेकॉर्ड्‌स यांवर ब्लॅकलेटर आजही दिसतो. ‘फ्रांकफुर्टर आल्गेमाइने’, ‘ल मोंद’ आणि ‘न्यूयॉर्क टाइम्स’ यांची शीर्षकेही याच कुळातली.

चित्रपटांनी त्याला नाझींचा गणवेश चढवला, याचे मला फार वाईट वाटते. सुरुवातीला नाझींनी ही लिपी मिरवली हे खरे. पण ३ जानेवारी १९४१ रोजी नाझी नेता मार्टिन बोरमानने परिपत्रक काढून तिला ‘ज्यू अक्षरे’ ठरवले आणि तिचा सरकारी वापर थांबवला. तिचा ज्यूंशी जोडलेला संबंध धादांत खोटा होता. जिंकलेल्या देशांत ती वाचता येत नव्हती, ही खरी अडचण होती. त्या पत्राचे छापील शीर्षक मात्र ब्लॅकलेटरमध्येच होते. चार शतकांची लिपी बारा वर्षांच्या राजवटीच्या नावे लिहून टाकणे अन्यायाचे आहे.

तुम्हाला ती पाटीवर किंवा मुखपृष्ठावर वापरायची असेल, तर एक-दोनच शब्द घ्या, आकार मोठा ठेवा, आणि सगळी अक्षरे कॅपिटलमध्ये कधीही लावू नका.