गाडीतलं पाणी जाते कुठं?

गाडी गळते तेव्हा खाली डाग पडतो. ऑइल असेल तर काळा, ब्रेक ऑइल असेल तर बुळबुळीत, आणि कूलंट असेल तर हिरवट, गोडसर वासाचा. डाग दिसला की मिस्त्रीचं अर्धं काम झालं. पण खाली टिपूसही नाही आणि रेडिएटरमधलं पाणी मात्र रोज कमी होतंय, असं झालं की भल्याभल्यांची पंचाईत होते. आपल्या मेकॅनिकलच्या पुस्तकात कूलिंग सिस्टिमची आकृती दहा मार्कांना असते, पण त्यात न दिसणाऱ्या गळतीबद्दल अवाक्षर नाही. म्हणून हा लेखप्रपंच!

गाडी माझ्या मामाची, सानगडीची. एमएच-३६ पासिंगची जुनी मारुती ८००. मारुती ८०० देशात आली डिसेंबर १९८३ मध्ये आणि तिचं उत्पादन थांबलं जानेवारी २०१४ मध्ये. म्हणजे आज रस्त्यावर दिसणारी प्रत्येक ८०० ही जुनीच गाडी. रबर जुनं, क्लिपा जुन्या. मामाच्या गाडीवर आजीची नागपूरची तपासणी अवलंबून. साकोलीपर्यंत यायचं, मग हायवेने भंडारा आणि पुढे नागपूर. जाऊन-येऊन दोनशेच्या वर किलोमीटर. वाटेत इंजिन तापून हेड वाकलं तर गाडीही गेली आणि म्हातारं माणूस रस्त्यात! थंडीत निभावतं, पण आपल्याकडचा मे महिना कोणाला सांगायला नको.

एका गॅरेजवाल्याने बोनेट उघडलं, सायलेन्सरकडे बोट दाखवलं आणि निकाल दिला, "भाऊ, हेड गॅस्केट गेलं तुमचं. पाह्य ना, सायलेन्सरातून पाणी पडून रायलं. इंजिन खोलावं लागते." खर्च वीस हजारांच्या घरात. तेवढ्यात आजी म्हणाली, "हळद टाक न बापू रेडिएटरात!" आजीचं अगदीच चूक नव्हतं. जुने ड्रायव्हर रेडिएटरचं बारीक छिद्र बुजवायला हळद टाकतातच. पण हळद काही पत्ता विचारून जात नाही. छिद्राबरोबर रेडिएटरच्या बारीक नळ्याही बुजवते. रोग कळल्याशिवाय औषध नको, असं मी म्हटलं आणि मामाकडून पंधरा दिवसांची मुदत मागून घेतली.

सायलेन्सरमधलं पाणी कुठलं?

आधी मिस्त्रीचा पुरावा तपासू. पेट्रोल म्हणजे हायड्रोजन आणि कार्बन. जळलं की हायड्रोजनचं पाणी होतं. ऑक्टेनचं समीकरण मांडून बघा, एक लिटर पेट्रोल जळलं की साधारण एक लिटर पाणी तयार होतं! इंजिन गरम असताना ते वाफ होऊन निघून जातं. थंडीच्या सकाळी सायलेन्सर गार असतो, म्हणून वाफेचं पाणी होऊन थेंब पडतात. ते चांगल्या गाडीतही पडतात. गाडी पूर्ण तापल्यावरही दाट पांढरा, गोडसर वासाचा धूर येत राहिला, तर मात्र संशय घ्यावा. इथे तसं नव्हतं. डिपस्टिकवरचं ऑइलही स्वच्छ होतं, दुधी झालेलं नव्हतं. पण एवढ्यावरून गॅस्केट निर्दोष ठरत नाही.

मोजल्याशिवाय बोलायचं नाही

मग वही काढली. रोज सकाळी, इंजिन पूर्ण थंड असताना, रेडिएटरचं झाकण उघडून तोंडापर्यंत कूलंट भरायचं आणि किती मिली लागलं ते लिहायचं. नुसती बाजूची प्लॅस्टिकची टाकी पाहून चालत नाही. याचं कारण समजून घ्या. तापल्यावर पाणी फुगतं. ३० अंशांवरून ९५ अंशांवर गेलं की लिटरमागे सुमारे ३५ मिली वाढतं. दाब वाढला की झाकणाची स्प्रिंग उचलते आणि जास्तीचं कूलंट टाकीत जातं. इंजिन गार झालं की आत पोकळी होते आणि टाकीतलं कूलंट परत ओढलं जातं. पण कुठे फट असेल तर कूलंटऐवजी तिथून हवाच आत ओढली जाते. मग टाकी भरलेली दिसते आणि रेडिएटर आतून रिकामा होत जातो! फसवणूक होते ती इथेच.

आठवड्याच्या नोंदी अशा आल्या. साकोलीची एक फेरी : ५० मिली. गाडी दोन दिवस उभी : शून्य. साकोलीला सकाळी एकदा आणि संध्याकाळी एकदा : १०० मिली. नागपूरला जाऊन, दवाखान्यापुढे चार तास उभी राहून परत : ११० मिली.

आता जरा विचार करा. नागपूरला किलोमीटर कितीतरी पट जास्त, पण तूट साकोलीच्या दोन फेऱ्यांएवढीच. म्हणजे पाणी किलोमीटरवर जात नव्हतं. ते जात होतं इंजिन किती वेळा गार झालं यावर! गॅस्केटमधून पाणी जळत असतं तर लांबच्या प्रवासात तूट खूप वाढायला हवी होती. आणि गाडी नुसती उभी असताना दाबच नसतो, म्हणून तेव्हा शून्य.

थंड गळती

याला थंड गळती म्हणता येईल. रबराचा होज पाइप लोखंडी नळीवर चढवलेला असतो आणि वरून स्क्रूची क्लिप आवळलेली असते. तापमानाबरोबर रबर धातूपेक्षा कितीतरी जास्त फुगतं आणि आकसतं. गरम असताना रबर फुगून नळीला घट्ट बसतं, सांधा कोरडा. बंद केल्यावर होजचं टोक हवेने आधी गार होतं, रबर आकसतं, पण इंजिनमधला दाब अजून पूर्ण उतरलेला नसतो. तेवढ्या वेळात थेंब निसटतात. नवं रबर मऊ असतं, सांभाळून घेतं. जुनं कडक होऊन दबल्या आकारातच राहतं. स्क्रूची क्लिप एकदा आवळली तेवढीच राहते, रबराच्या मागे आकसत नाही. स्प्रिंगची क्लिप मात्र मागे मागे जाते. बऱ्याच नव्या गाड्यांत कंपनीतूनच स्प्रिंगच्या क्लिपा येतात, त्या उगाच नाही.

साकोलीच्या एका रेडिएटरवाल्याकडून प्रेशर टेस्टर मागून आणला. सायकलच्या पंपासारखाच, फक्त वर घड्याळ असतं. सकाळी थंड इंजिनला झाकणावर लिहिलेल्या ०.९ एवढाच दाब दिला. त्यापेक्षा जास्त देऊ नये, रेडिएटर फाटतो. काटा हळूहळू उतरायला लागला. बॅटरी घेऊन शोधलं तर हीटरकडे जाणारा होज, इंजिनच्या मागे, केबिनच्या पत्र्याजवळ, जिथे हातही धड जात नाही. थेंब पडत होते ते कोमट गिअरबॉक्सच्या अंगावर आणि तिथेच सुकत होते. जमिनीवर डाग येणार कुठून? क्लिपखाली पांढरट-हिरवी खपली जमलेली होती. ही खपली म्हणजे गळतीची सही!

मग दाब सोडला, टेस्टर तसाच ठेवून इंजिन सुरू केलं. गॅस्केट फुटलं असतं तर सिलिंडरमधला वायू पाण्यात घुसून काटा काही सेकंदांतच उसळला असता. इथे तो तापमानाबरोबर सावकाश चढला. काटा ०.९ ला पोचायच्या आत इंजिन बंद केलं. तोवर तोच सांधा कोरडा ठणठणीत! गॅस्केटची निर्दोष सुटका झाली.

नवा होज आणि दोन क्लिपा, खर्च काहीशे रुपये. त्यानंतर तीन आठवडे वही चालू ठेवली. तूट शून्य. मामा म्हणाले, "वीस हजार वाचले बे!"

जाता जाता

सुट्टीत घरी जाल तेव्हा घरच्या गाडीसाठी एवढं लक्षात ठेवा. गरम इंजिनचं झाकण कधीही उघडू नका. ०.९ दाबाखाली साधं पाणीसुद्धा ११८ अंशांच्या आसपास उकळतं. झाकण उघडलं की दाब जातो आणि तेच पाणी क्षणात उकळून तोंडावर येतं. याच कारणाने झाकणाचं रबर तपासा. ते गेलं की दाब टिकत नाही आणि पाणी १०० अंशांवरच उकळतं. सांडलेलं कूलंट लगेच धुवून टाका. त्यातलं इथिलिन ग्लायकॉल गोड असतं आणि विषारीही, कुत्रं किंवा शेळीचं करडू चाटून मरू शकतं. बोअरचं पाणी टाकू नका, आत क्षार जमतात.

आणि कोणी "इंजिन खोलावं लागते" म्हटलं तर आधी आठवडाभर वही लिहा. किती पाणी गेलं, यापेक्षा ते केव्हा गेलं हे कळलं, की कुठून गेलं हे शोधणं सोपं जातं.